पहिली डोळ्यांत यायची तेव्हा

नातीची परीक्षा होती आणि ती इंग्रजीतले वाक्प्रचार घोकत होती. मी शेजारी गवार मोडत बसले होते. मध्येच पुस्तक बाजूला ठेवून म्हणाली, "आजी, दमून, कंटाळून माणसाची नजर एका जागी थिजते ना, त्याला इंग्रजीत काय म्हणतात माहितीय? डोळ्यांवर काच चढली म्हणतात. आत्ता तुझ्या चढलीय बघ." मी म्हटलं, "काच कसली चढतेय? आमच्याकडे सवत चढायची." पोरगी खो खो हसली. म्हातारीनं विनोद केला असं वाटलं तिला. मला आयुष्यात कधी धड विनोद करता आलेला नाही, पण ते तिला कोण सांगणार? मी गवार मोडत राहिले.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मराठीतही अशा चेहऱ्यासाठी कमी शब्द नाहीत. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड म्हणतात, सुतकी चेहरा म्हणतात, चेहऱ्यावरची माशी हलत नाही म्हणतात. पण हे सगळं ज्यांना तोंड वाकडं करून बसायला सवड असते त्यांचं. आमच्या घरातल्या बाईला ती सवड नव्हती. तिचा चेहरा तसा झाला की घरातले म्हणायचे, पहिली आली. म्हणजे मेलेली बायको आली. ती मेलेली बायको माझी माय होती, आणि जिच्या डोळ्यांत ती यायची ती माझी सावत्र आई.

साठ सालाच्या आगेमागे घडलेली ही गोष्ट. नंदुरबार तेव्हा साधा तालुका होता. आमचं गाव तापीकाठचं, प्रकाशाच्या तीर्थापासून फार लांब नाही. आम्ही गुजर. वाडवडील कधीतरी गुजरातेतून आले आणि नदीकाठची काळी जमीन बघून इथेच बसले. घरातलं बोलणं निम्मं गुजराती, निम्मं अहिराणी. मराठी फक्त शाळेत. शेतात कपाशी आणि केळी, गोठ्यात म्हशी, वर्षभराच्या बोलीवर राहिलेले सालदार गडी, वेचणीच्या दिवसांत बाया, शिवाय पाहुणेरावळे. खाणारी तोंडं उदंड आणि रांधणारी एकच. आधी माझी माय, आणि ती गेल्यावर नवी.

माय बाळंतपणात गेली. बाळही गेलं. मी तेव्हा इतकी लहान होते की रडायचं कधी आणि खेळायचं कधी हेही कुणी सांगितल्याशिवाय मला कळत नव्हतं. तिचा फोटो नव्हता. आमच्याकडे बाईचा फोटो काढायची पद्धतच नव्हती, उगाच कशाला खोटं सांगू. काही महिन्यांनी मला कळायला लागलं की मी तिचा चेहरा विसरत चाललेय. तिचे हात आठवायचे, पाटल्या आठवायच्या, ओल्या लुगड्याचा वास आठवायचा. चेहऱ्यापाशी आलं की सगळं पुसट. त्याची मला फार भीती वाटायची. रोज अंगणात कडुलिंबाखाली डोळे मिटून बसायची आणि तो चेहरा जमवायचा प्रयत्न करायची. एक दिवस नाक सापडायचं, दुसऱ्या दिवशी तेही जायचं.

वर्षाच्या आत वडलांनी दुसरं केलं. नवी नदीपलीकडची, रनाळ्याकडची. उंच, सावळी, आणि आली तेव्हा चांगली हसरी होती. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक चांदीचा टाक बांधला. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईला पहिलीचा टाक गळ्यात घालावाच लागायचा. छोटा चांदीचा पत्रा आणि त्यावर सोनारानं ठोकून उठवलेली बाईची आकृती. नवं लुगडं नेसायचं तर आधी त्याचा पदर टाकाला लावायचा आणि मग अंगाला. घास घ्यायचा तर आधी टाकाला दाखवायचा. पहिलीला विचारल्याशिवाय काही केलं तर ती रागावते, आणि रागावली की घर धुऊन नेते, असा समज. नवी न्हायला बसली की मी तो टाक हातात घेऊन निरखून बघायची. ही आपली माय, असं मला सांगितलं होतं ना! पण सोनारानं डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके मारले होते. नाक नव्हतंच. माझी फार निराशा झाली होती.

घरात सत्ता फुईची. फुई म्हणजे वडलांची थोरली बहीण, तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली. तिची जीभ म्हणजे नुसता पट्टा. सकाळी डोळे उघडल्यापासून तिचं सुरू. "काय बशी ऱ्हायनी इतली? भाकरी काय तुन्हा बाप करी?" हे आधी मायला आणि मग नवीला. शब्द तेच, सूर तोच, फक्त ऐकणारी बदलली. नवी अंधारात उठायची. जातं, म्हशी, शेण, नदीवरून पाणी, गड्यांच्या भाकरी, शेतात न्याहारी पोचवणं, तिथेच वेचणी, परत आली की पुन्हा चूल. दादर ज्वारीच्या पिठाची ती परात मला अजून दिसते. माणूस त्यात झोपेल एवढी मोठी. दोन हातांनी मळता मळता नवीच्या कपाळावरचा घाम पिठात पडायचा आणि ती तो मळून टाकायची. पहिल्या पावसाळ्यापर्यंत तिचं हसू गेलं. कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही.

कापसाच्या दिवसांत एका दुपारी ती कणगीला टेकून बसली. गडी जेवून गेले होते. हातात रिकामं ताट तसंच. आणि तिचे डोळे समोरच्या भिंतीवर जाऊन थांबले. पापणी लवेना. तोंड किंचित उघडं, ओठ कोरडे, आणि त्या डोळ्यांत कुणीच नाही. फुईनं हाक मारली, उत्तर नाही. दुसरी मारली, तरी नाही. फुई तणतणत जवळ आली, वाकून तोंडाकडे बघितलं आणि एकदम दोन पावलं मागे सरली. तिचा चेहरा पांढरा पडला. हलक्या आवाजात म्हणाली, "पहिली उनी. बघा रे, पहिली उनी! हीच नजर व्हती तिन्ही."

मी उंबऱ्यात उभी होते. बघितलं आणि अंगावर सरसरून काटा आला. खरंच माय होती! चेहरा नवीचा होता, पण नजर मायची. शेवटच्या महिन्यांत माय अशीच बसायची, याच कणगीला टेकून, याच भिंतीकडे बघत. जे मला इतके दिवस जमवता येत नव्हतं ते समोर आयतं बसलं होतं. मला भीती वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही इतकं एकदम की मला रडू फुटलं.

त्यानंतर ते वरचेवर व्हायला लागलं. वेचणी जास्त असली की हमखास. फुईचं वागणं मात्र बघण्यासारखं. जिनं जिवंतपणी मायला कधी "बस" म्हटलं नाही, ती आता पाट मांडायची. गुळाचं पाणी आणायची. "बस माय, बस. काय जोयजे तुले? मन्हं काय चुकनं व्हई ते पोटमा घाल." हात जोडून! मेलेल्या भावजयीची ही बडदास्त. वैतागानं सांगते, मला आजही त्या पाटाची चीड येते. तो पाट आधी का नाही मांडलास गं? पण फुई घाबरली होती हे खरं. मायचे तिनं किती हाल केलेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिच्या मनात माय रोज येतच असणार, फक्त तिला आता बसायला तोंड मिळालं होतं.

घर त्या वेळी चिडीचूप व्हायचं. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. वडील ओसरीवरून आत डोकवायचे, मान खाली घालायचे आणि शेताकडे निघून जायचे. गडी बाहेरूनच हात जोडायचे. उन्हातल्या त्या दुपारी, खोलीत भरलेल्या कापसाचा तो कोंदट वास, आणि मध्ये पाटावर बसलेली ती बाई. मला ते घर तेव्हा कुणा दुसऱ्याचंच वाटायचं. भिंती मागे सरकल्यात आणि कुणीतरी आत येऊन उभं आहे, असं. आता म्हातारपणीही भर दुपारी घर शांत झालं की माझ्या पाठीवरून थंड काहीतरी सरकतं.

पण सगळे लांब राहायचे तेव्हा मी मात्र जवळ जायची. तिच्यासमोर मांडी घालून बसायची आणि बोलायची. काय काय सांगितलं असेल मी तिला! शाळेत गुरुजींनी पुढच्या रांगेत बसवलं. तांबड्या म्हशीला रेडकू झालं, कपाळावर पांढरं आहे. फुईनं मला चिमटा काढला, हे बघ काळंनिळं झालंय. माझा परकर फाटलाय आणि कुणी शिवत नाही. तुझं बाळ तुझ्याजवळ आहे का गं? ते रडतं का? ती भिंतीकडे बघत बसायची. कधी घशातून "हूं" एवढं यायचं. मला तेवढं पुरायचं. एकदा तिनं माझ्याकडे न बघताच माझ्या केसांतून हात फिरवला, उवा शोधतात तसा, हळूहळू. मी श्वास रोखून बसले होते. श्वास सोडला तर माय जाईल असं वाटत होतं. दोन-चार दिवसांनी परकर शिवलेला दिसला. मी कुणालाच सांगितलं नाही. माय रात्रीतून येऊन शिवून गेली, अशी माझी खात्री झाली.

आणि नवी? भानावर आली की ती दचकायची. आजूबाजूला बघायची, पाट बघायची, गुळाचं पाणी बघायची, आणि घाईघाईनं उठून कामाला लागायची. गळ्यातला टाक मुठीत धरून काहीतरी पुटपुटायची. माझ्याशी ती कमी बोलायची. मीही तिला काही हाक मारत नव्हते. माझं तिच्याशी कामच नव्हतं. माझं काम तिच्यात जी यायची तिच्याशी होतं. ती हसरी असली, चांगली असली, तर मी कंटाळून खेळायला जायची. पोरं निर्दय असतात म्हणतात ते काही उगाच नाही.

पुढच्या वर्षी नवीला दिवस राहिले. फुईच्या तोंडचं पाणी पळालं. पहिली बाळंतपणात गेली, बाळ घेऊन गेली, आता ती हिच्याही पोटातलं नेल्याशिवाय राहत नाही, हे तिनं पक्कं धरलं. शहाद्याकडचा कुणी एक जाणता माणूस बोलावला. त्यानं टाक बघितला, नवीची नाडी बघितली आणि सांगितलं, प्रकाशाला नदीवर न्या. तिथे पहिलीला अंगात येऊ द्या, तिची इच्छा विचारा, ती पुरवा आणि टाक तापीत सोडा. मग ती येणार नाही. पुन्हा कधीच येणार नाही.

पुन्हा कधीच येणार नाही! हे शब्द मी भिंतीआडून ऐकले. सगळ्यांना बाळाची पडली होती. माझ्या मायचं काय? ती एवढीच उरली होती, त्या नजरेपुरती. तीही नदीत बुडवायला निघाले होते. मी वडलांकडे गेले आणि त्यांच्या धोतराला धरून म्हटलं, मायला नका घालवू. त्यांनी मला उचललं, थोडा वेळ छातीशी धरलं आणि खाली ठेवलं. मग मी नवीकडेच गेले. ती चुलीशी होती. मी म्हटलं, "तिले जाऊ देवू नको." आपणहून तिच्याशी मी बोलले ते बहुतेक पहिल्यांदाच. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं आलं की कशानं, मला तेव्हा कळलं नाही.

होळी होऊन गेल्यावर आम्ही निघालो. विधी करायचा म्हणून फुईनं चार दिवस आधीपासून नवीला चुलीला, शेणाला, कशालाच हात लावू दिला नव्हता. रोज न्हाऊ घालायचं, दूधभात, आणि बसून राहायचं. शेजारची एक बाई येऊन भाकरी करून जायची. गाडीत नवी माझ्या शेजारी बसली होती. वाटेत तिनं ताजं टवटवीत तोंड करून शेतं बघितली. कुणाची केळी कशी आली, कुणाचा गहू कापायला झाला, हे गाडीवानाला विचारलं. नदी दिसली तेव्हा तर चक्क हसली. म्हणाली, "मन्हं माहेर त्या बाजूले." मी तोंड फिरवलं. तिचं हसणं मला त्या दिवशी अगदी नको होतं.

घाटावर जाणत्यानं मांडणी केली. नवीला पाटावर बसवलं, समोर हळद, कुंकू, तांदूळ. नातेवाईक गोल करून बसले. मी अगदी पुढे, नवीच्या समोर. मी मनाशी ठरवलं होतं, एक क्षणही नजर हलवायची नाही. माय कुठल्या वाटेनं येते ते बघायचं, आणि आली की तिला घट्ट धरून ठेवायचं.

पण पहिली येईना. जाणत्यानं मंत्र म्हटले, ताट वाजवलं, राख लावली. नवी आपली भाबडेपणानं सगळ्यांकडे बघत बसली होती. नावा जाताना दिसल्या की त्यांच्याकडे बघायची. मध्येच एक माकड प्रसाद घेऊन पळालं तर तिला हसू आवरेना. फुईनं कपाळावर हात मारला. "आज बरी नखरा करी ऱ्हायनी! इतला दिन रोज येवाले लागे, आज काय झायं?" जाणता म्हणाला, येईल. पाणी देऊ नका, सावलीत बसवू नका, मांडी मोडू देऊ नका. पहिली कोरड्या देहात येते.

मग ते बसले. म्हणजे ती उन्हात बसली आणि बाकीचे पिंपळाखाली. ऊन चढत गेलं. होळीनंतरचं खान्देशातलं ऊन, दगड तापून वर वाफ यायला लागली. नवीनं आधी पदर पुढे ओढला. जाणत्यानं तो मागे घ्यायला लावला. तिनं पाणी मागितलं, फुईनं मान हलवली. तिनं एक हात पोटावर ठेवला, तो तिथेच राहिला. मी समोर. माझेही पाय भाजत होते, पण मी उठले नाही. मी बघत होते.

मी बघितलं. सगळ्यात आधी तिचा रंग गेला. मग ओठ सुकले आणि एकमेकांना चिकटले. मग खांदे खाली आले. ती एकदा माझ्याकडे बघून काही बोलणार होती, ते राहिलं. पापण्या जड झाल्या, उघडल्या, जड झाल्या. शेवटी तिची नजर पाण्यावर एका जागी गेली आणि तिथेच थांबली. तोंड किंचित उघडं. डोळ्यांत कुणी नाही.

"उनी!" फुई ओरडली. "उनी, उनी!" सगळे पुढे धावले, लोटांगणं घातली. मी मात्र जागची हलले नाही. कारण कुणीच आलं नव्हतं. सकाळपासून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते, कुठल्याही वाटेनं कुणी आलं नव्हतं. समोर तीच होती जी गाडीत माझ्या शेजारी बसली होती, ती फक्त आमच्या देखत हळूहळू संपत गेली होती. आणि मग मला जे कळलं ते कळायचं ते वय नव्हतं. मायही अशीच संपत गेली होती. माझ्याजवळ मायचा म्हणून जो चेहरा उरला होता तो मायचा नव्हताच. तो आमच्या घरानं तिला दिलेला होता, आणि तोच आता हिलाही दिला होता.

फुई हात जोडून विचारत होती, "बोल माय, काय जोयजे तुले? काय इच्छा ऱ्हायनी?"

नवीचे ओठ सुटले. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माले जराशी निजू द्या."

फुईनं हंबरडा फोडला. मुक्ती मागतेय बिचारी, कायमची नीज मागतेय, म्हणून बायांनी डोळ्यांना पदर लावले. जाणत्यानं टाकाचा दोरा कापला आणि टाक तापीत सोडला. तो बुडतानाही चमकला नाही, इतका मळला होता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि बघा, कुणीही, एकाही माणसानं त्या बाईला सावलीत नेऊन आडवं केलं नाही! ती पहिली बोलली होती ना. नवीला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिच्या तोंडावर पाणी मारून तिला गाडीत बसवलं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. नातेवाईक मागोमाग जेवायला येणार होते. नवी कशीबशी आतल्या खोलीत गेली आणि कापसाच्या ढिगाशेजारी गोधडीवर कोसळली. लगेच तिचा डोळा लागला. ओसरीवर फुईचा आवाज चढला. जुना आवाज, आता तिला भ्यायचं कारणच उरलं नव्हतं. "कोठे गयी ती? पाहुणा येवाले लागनात आनि ही पडनी! ऊठ म्हनाव, परात ले!"

मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले.

"तिले उठाडू नको," मी म्हटलं.

"कसाले?"

"माय शे ती. गयीच नही."

फुई जागीच थांबली. माझ्या खांद्यावरून तिनं आत बघितलं. काळोखात ती बाई अर्धवट उघड्या डोळ्यांनी निजली होती. फार दमलेल्या माणसाचे डोळे नीट मिटत नाहीत. फुईनं दोन्ही हात जोडले, ती मागच्या मागे सरली आणि चुलीकडे वळली. कितीतरी वर्षांनी तिनं त्या दिवशी स्वतः भाकरी थापल्या. काही करपल्या, काही कच्च्या राहिल्या. पाहुण्यांनी खाल्ल्या मुकाट्यानं. मी जेवायला गेले नाही. दारातच बसून राहिले.

दिवेलागणीच्या आधी नवी जागी झाली. तिनं चाचपडत गळ्याला हात लावला. टाक नव्हता. ती ताडकन उठून बसली आणि मला बघून कुजबुजली, "गयी का ती?"

तिच्या आवाजात इतकी भीती होती की मी बघतच राहिले. मला वाटलं होतं, निदान हिला तरी ठाऊक असेल. नव्हतं. वर्षभर ती बाई समजत होती की आपल्या आत एक मेलेली बाई बसते, आपले हातपाय जड करते, आपली नजर काढून घेते, आणि एक दिवस आपल्याला आणि आपल्या पोटातल्याला घेऊन जाणार आहे. त्या भीतीत ती रोज अंधारात उठत होती आणि भाकरी थापत होती. आणि मी तिच्यासमोर बसून त्या दुसरीलाच हाका मारत होते.

मी "गेली" म्हणू शकले असते. ते सोपं होतं. म्हणजे जाण्याआधी माय खरंच येत होती, एवढं तरी मला राहिलं असतं.

"कोनीच नही उनं," मी म्हटलं. "कधीच नही उनं. तू दमी जास, बस."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर भांड्यांचा आवाज येत होता. तिनं विचारलं, "मंग तू इतला दिन कोनासंगे बोलत व्हती?"

"तुन्हासंगे."

ती गोधडीवर थोडी सरकली. मी जाऊन तिच्या बाजूला आडवी झाले, तिच्या पोटाला धक्का लागणार नाही अशी, अंग चोरून. तिला पुन्हा झोप लागली. मी जागीच होते. डोळे मिटून मायचा चेहरा जमवायचा प्रयत्न करत होते. तो आला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत आला नाही.